वायरीच्या टोकाचं टोपण

तुमसर, बुधवार, २८ नोव्हेंबर २००१

काल या वहीत लिहिलं ते चूक आहे. कमलबाईंच्या पोछ्याने वायर तुटली नव्हती.

मी शिकवते त्या क्लासमधल्या सहाही जुन्या संगणकांना हार्डडिस्क नाही. सरांच्या खोलीतल्या सर्व्हरवरून एकाच काळ्या वायरीने ते सुरू होतात. वायरीच्या टोकाला धातूचं छोटं टोपण असतं. ते निघालं की एकही सुरू होत नाही. सोमवारी जोड पुसताना ते मीच काढलं होतं. आज माझ्याच कंपासपेटीत सापडलं. लावताच सहाही सुरू झाले.

काल सरांना मी म्हणाले, "फरशी पुसताना ओढली गेली असेल." नुसतं 'असेल' म्हणाले होते, पण त्याने काय होतं? सरांनी लगेच कमलबाईंना पहिल्या तारखेपासून येऊ नका म्हणून सांगितलं.

आज संगणक चालू बघून त्या म्हणाल्या, "झाली का वायर बरी, मॅडम? मी तं तिकडं झाडूबी नेत नाही. माह्यी नजर लागली असन तुमच्या मशीनले." आणि हसल्या. मी टोपण घट्ट बसलंय का, उगाच पुन्हा पाहिलं.

का नाही बोलले?

आई घरी अक्षरं शिकवायची तेव्हा चुकलेलं खोडू द्यायची नाही, शेजारी बरोबर लिहायला लावायची. पण इथे लिहून कमलबाईंचं काम वाचत नाही.

सर नागपूरला गेलेत. शुक्रवारी, तीस तारखेला, सकाळी दहाला, पहिली बॅच बसायच्या आधी, कमलबाईंसमोरच सरांना सांगायचं.