'अकिम्बो'चा वारसा

मी, शब्दकोश कार्यालयाची निवृत्त संपादिका, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली नाही. दडपण आणू पाहणारा एक माणूस घरात आहे, पण त्याचे मी आजवर ऐकलेले नाही. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे असे व्हावे:

१. राहते घर यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला; त्यांच्यानंतर लेकीला. खिडकीची कडी ढिली आहे. ती यांच्या हातून दुरुस्त होणार नाही, असे लेकीने धरून चालावे.

२. बँकेतली शिल्लक लेकीला. भिंग आणि जुने कोश धाकट्या जावेला. वाचताना मध्ये कुणी बोललेले तिलाही खपत नाही.

३. ज्या छापखानेवाल्याने 'कमरेवर हात'चे 'कमरेवर हार' केले आणि वर "बाई, वाचणाऱ्याला कळतं हो" असे ऐकवले, त्याला काही नाही.

४. ती चूक झाली 'अकिम्बो' या इंग्रजी शब्दाखाली. अर्थ: दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहणे. हे आमच्याकडे मुद्रितशोधक म्हणून आले, त्या दिवशी मी तशीच उभी राहून यांना फैलावर घेतले होते. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द 'केनेबोवे' असा सापडतो. तो कुठून आला, हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. मी म्हणते, 'केने' म्हणजे तीक्ष्ण, 'बोवे' म्हणजे बाक. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतही 'वाकलेले' या अर्थाचा जवळचा शब्द आहे. हे म्हणतात, "अगं, 'कॅन' म्हणजे भांडं! भांड्याचा वाकडा कान! तू अशी उभी राहिलीस की दोन कानांची कढईच दिसतेस." यावर मी महिनाभर अबोला धरला आणि मग लग्न केले. दोघांपैकी कुणीच माघार घेईना, म्हणून कोशात आजही 'व्युत्पत्ती अनिश्चित' असेच आहे. या एका वादावर आमचा संसार फार सुखाचा झाला.

५. नवी आवृत्ती यांच्या हातून निघेल. तीत यांनी कढईचा कान खुशाल छापावा. माझ्यामागे हे कुणाशी भांडतील, याची मला काळजी वाटते. निदान जिंकल्याचे समाधान तरी मिळो.

६. हा मसुदा सवयीने यांच्याकडे तपासायला दिला. यांनी माझ्या दोन वेलांट्या सुधारल्या, कलम पाचवर काट मारली आणि समासात लिहिले: 'मूळ तसेच ठेवावे. व्युत्पत्ती अनिश्चित.'

"हे काय?" मी कमरेवर हात ठेवून विचारले.

"तू नसताना जिंकून काय करू?" म्हणाले, आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले.

सबब कलम पाच रद्द.

साक्षीदार: शेजारच्या दंतवैद्य बाई, आमच्या कोशांची बांधणी करणारे बाइंडर
सही: संपादिका
ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: आमच्या लग्नाचा वाढदिवस (यांना आठवण करून दिल्यावर)