येते म्हणून निघाले

आई, परवा मी नोकरी सोडून निघाले होते आणि तुझ्या एका सवयीनं माझी चांगली फजिती केली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या आयुष्यात घोळ घालायचा तो तूच. म्हणून तुलाच सांगते.

डेराबस्सीच्या औषधांच्या कारखान्यात मी पॅकिंगची प्रमुख आहे. हाताखाली सगळ्या बायकाच. त्यातल्या एका वयस्कर बाईनं चालू मशीन बंद केलं. माल भराभर निघावा म्हणून वरची जाळी काढून ठेवलेली, आणि एका पोरीची बोटं आत जाता जाता वाचली होती. काम थांबवलं म्हणून मोठ्या साहेबांनी त्या बाईलाच काढायचं ठरवलं, आणि कागदावर सही हवी माझी! मी म्हटलं, नाही करणार. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, फिर आप भी अपना सोच लो." या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार? सही करायची नव्हती आणि भांडायची हिंमत नव्हती. म्हटलं, आपणच निघावं, नसती कटकट नको. पर्स उचलली.

बाहेर बायका घोळका करून उभ्या. त्या बाईनं विचारलं, "मॅडम जी, आप जा रहे हो?" मी तिच्याकडे न बघताच म्हटलं, "आती हूँ," आणि सटकले.

आता तूच सांग, आपल्यात निघणारं माणूस 'जाते' म्हणेल का? लहानपणी चुकून म्हटलं, तर पिठाच्या हातांनी दारापर्यंत यायचीस. "जाते काय, कार्टे? येते म्हण!" तेव्हापासून जिभेला जे वळण लागलं ते लागलं. दिवसभर हिंदी बोलते, भाजीवाल्याशी मोडकंतोडकं पंजाबीही बोलते, पण उंबऱ्यापाशी तोंडातून तेच येतं. आमचं 'येते' म्हणजे निरोप, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक? त्यांनी ते खरं धरलं.

कॅब झिरकपूरच्या पुलाजवळ पोचली, तेवढ्यात त्या बाईचा फोन. "मॅडम जी, कहाँ रह गए आप? आपने कहा था, आती हूँ. हम सारी बैठी हैं जी, मशीन पे कोई नहीं गई." काय बोलू मी? की बाई गं, ती आमची बोलायची पद्धत आहे? लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि अगदी त्याच वेळी मला आपली साताऱ्याची खाणावळ आठवली. बाबा नुकतेच गेलेत. मामलेदार कचेरीतला एक साहेब जेवायला बसलाय आणि पोळ्या लाटणाऱ्या मावशींना काहीबाही बोलतोय. मावशी मान खाली घालून लाटतायत. तू स्वयंपाकघरातून येतेस आणि त्याच्या पुढ्यातलं ताट उचलतेस. भरलं ताट! भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये, असं आम्हांला शिकवणारी तू. "उठा," म्हणतेस, "उद्यापासून दुसरीकडं सोय बघा." तो गेल्यावर मावशी रडायला लागल्या, "वहिनी, माझ्यापायी कशाला? तो खाणावळ बंद पाडंल." तू म्हणालीस, "पाडू दे. तुम्ही पोळ्या लाटा."

मी ड्रायव्हरला म्हटलं, "भाईसाब, गाड़ी वापस ले लो." तो वैतागला, वळायला पार पुढे जावं लागतं.

हॉलमध्ये सगळ्या जमिनीवर बसल्या होत्या. मीही त्यांच्यात बसले. भाषणबिषण मला कुठलं येतंय! साहेब आले तेव्हा एवढंच म्हटलं, की जाळी बसल्याशिवाय कुणी उठणार नाही, आणि या बाईला काढायचं तर आधी मला काढा. आवाज नुसता कापत होता गं. संध्याकाळपर्यंत जाळी बसली. बाई कामावर आहे. मीही आहे, अजून तरी. साहेब माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत बापडे.

मोहालीला घरी येऊन लेकीला सगळं रंगवून सांगितलं, कॅबचा भाग तेवढा गाळला. ती मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते. गळ्यात पडून म्हणाली, "मम्मा, आप तो बिल्कुल आजी पे गई हो. आजी को कभी डर नहीं लगता था ना?" मी ठोकून दिलं, "कधीच नाही."

घाबरली होतीस का गं तू, ताट उचलताना? मी कधी विचारलंच नाही. आईला भीती वाटत नसते, असंच धरून चालले, आणि आता लेकीलाही तेच शिकवून बसले. ती उद्या कुठंतरी घाबरेल आणि तिला वाटेल, आपणच तेवढ्या भित्र्या निघालो. तिला खरं सांगायला हवं. हे पत्र नुसतं तिच्या हातात दिलं तरी पुरे, देवनागरी येते तिला. पण आई, तेवढी छाती माझी अजून झालेली नाही.