माहेरची नावं जुळेनात

२ डिसेंबर, धुळे
शून्य! एकही नाव जुळत नाही!
पारोळ्याच्या शाळेचा दहावीचा हजेरीपट आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपची यादी – दोन्ही जावा या संगणकभाषेतल्या प्रोग्राममध्ये भरल्या. कॉम्प्युटर क्लासमध्ये सांगितलं, सराव म्हणून. खरं तर मला दिपमाला शोधायचीय, शाळेत माझ्या बाकावर बसायची ती. वर्गातल्या रतिलालचं नाव दोन्हीकडे आहे, अक्षर न् अक्षर तेच. तरी उत्तर – सारखं नाही.

३ डिसेंबर
क्लासचे किरण सर हसले. 'ताई, दोन बरोबरच्या खुणा टाकल्या की तो अक्षरं बघत नाही, दोन्ही एकाच जागी ठेवलीत का ते बघतो. अक्षरं ताडायला इक्वल्स वापरा.'
मजकूर तोच, पण ठेवलाय दुसरीकडे, म्हणून वेगळा? डोकं चालेना.

५ डिसेंबर
इक्वल्स टाकलं. मुलगे – एकतीसपैकी सत्तावीस जुळले! मुली – तीसपैकी दोन.
तीनदा तपासलं. कुठे चुकतेय?

६ डिसेंबर
रतिलालला फोन केला. तो हसतच सुटला. 'तुना प्रोग्राम बराबर शे! पोरी बठ्ठ्या लगीन करीसन गयात. जुनं नाव कोन ठेवस?'
खरंच की, सगळ्या पोरी लग्न होऊन गेल्या. ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं की झालं. माझंही तसंच. जुळलेल्या दोघींपैकी एकीने लग्नच केलं नाही, दुसरी माहेरी परतली.
मग दिपमाला असेलच ग्रुपवर, तर कोणत्या नावाने? मी कशाशी काय ताडून बघू?

९ डिसेंबर
हे फक्त इथेच. दहावीला बक्षीस मिळालेली 'माझी' कथा दिपमालाच्या वहीतली होती. शब्द न् शब्द उतरवली. तिने ओळखलं होतं. बोलली नाही, बाक मात्र बदलला. तेव्हापासून लोक मला लेखिका म्हणतात. एकदा तरी तिच्यापाशी कबूल करायचंय.

१२ डिसेंबर
प्रोग्राम बंद. ग्रुपवर सरळ लिहिलं – 'दिपमाला भाईदास कुणाला ठाऊक असेल, तर तिला माझं माहेरचं नाव सांगा आणि माझा नंबर द्या.'
रतिलालचं लगेच – 'इतलं सोपं व्हतं, आन् तू क्लास लावा!'

१५ डिसेंबर
दुपारी ऑफिसात गर्दी. अनोळखी नंबर. बाईचा आवाज, जरा चाचरत – 'प्रमिला शे का वं?'
'राँग नंबर,' म्हटलं आणि ठेवला.
आई गेल्यापासून त्या नावाने मला कुणी हाक मारलेली नाही. प्रमिला म्हणजे मीच, हे लक्षात आलं तेव्हा समोरच्या माणसाचा अर्ज हातात तसाच.
अकरा वेळा लावला. उचलत नाही.