थंड दगडावर

अहो सासूबाई,

भर जुलैतही दगडावर बसायचं तर आधी बुडाखाली उशी सरकवणाऱ्या त्या तुम्हीच ना? "थंडी पोटात शिरते गं!" म्हणून अख्ख्या नोवी साद शहराला धाक घालणाऱ्या?

आज कामावरून लवकर सुटले. सगळ्या मुलांना खेळता यावं म्हणून डॅन्यूबकाठी माती-पाण्याची जी नवी बाग केलीय, तिथे डोकावले. तिथल्या ओढ्याच्या उतारावर आपल्या इस्क्राची व्हीलचेअर दिसली. रिकामी! पोरीला आधाराशिवाय बसताही येत नाही, मग गेली कुठे?

धावत खाली आले, तर ओढ्यातल्या दगडावर तुम्ही फतकल मारून बसलेल्या, मोजेबिजे काढून! मांडीवर माझी लेक, कोपरापर्यंत चिखलात, खिदळतेय. मी चटकन झाडामागे लपले.

"आईला सांगायचं नाही हं," तुम्ही म्हणालात.

"वेडी आहे का मी, आजी? दोघींना ओरडेल ती!"

ओरडणारच होते. पण जिला अंघोळीपासून सगळ्याला मी लागते, त्या पोरीकडे माझ्यापासून लपवायला आजवर काहीच नव्हतं, सासूबाई.

म्हणून हे पत्र फाडतेय. घरी आलात की विचारेन, "केसांत चिखल कसला?" दोघींनी मिळून झकास थाप मारा.

काहीच न पाहिलेली तुमची सून,
स्लावित्सा