दिपमाला, माडीवर ये वं

जळगाव,
२० जानेवारी २०२४

चि. चंदन यास,
अक्काचे आशीर्वाद. तिळगूळ घरी पाठवला आहे. तुझ्या वाटणीचा नानांना देऊ नकोस, त्यांची शुगर वाढली आहे.

फोन न करता पत्र लिहिते, कारण तुझा आवाज ऐकला की मला ते गाणंच ऐकू येतं. गाणं येऊन सहा महिने झाले. फळ्याकडे वळले की नववीच्या मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच गुणगुणतं, 'दिपमाला, माडीवर ये वं'. परवा शाळेच्या शिपायाच्या मोबाइलवरही तेच वाजलं. सगळे हसले, मीही हसले. काय करणार?

रविवारी वरणगावचे लोक मला बघायला आले होते. मुलगा हितेंद्र, तिथल्या कारखान्यात आहे, शांत वाटला. पण त्याच्या मावशीने चहा पिता पिता विचारलंच की गाण्यातली दिपमाला ती तूच का. चंदन, मला कोंडल्यासारखं होतं. तुमच्या कपाशी बॉईज बँडचं भलं होवो, पण गाणी काढणाऱ्या त्या रुपचंदशेठना सांगून ते गाणं काढायला लाव.

माया आहेच, रागही आहे.
तुझी अक्का

धुळे,
२ फेब्रुवारी २०२४

ती. अक्कास,
चंदनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तिळगूळ नानांनीच संपवला.

शेठकडे जाऊन आलो. त्यांचं 'पांझरा साउंड' बंद झालं, जेमतेम चौदा महिने चाललं. दुकानाच्या वर आम्ही रेकॉर्डिंग करायचो, तिथे आता साड्यांचे गठ्ठे रचलेत. आमची सातही गाणी शेठनी सुरतेच्या एका कंपनीला विकली. कंपनीवाले म्हणाले, सातांत चालतं ते हे एकच, ते कसं काढू? करारावर सही माझी आहे. न वाचताच केली होती.

खरं सांगतो. गाण्यात आधी मयुरी होती. ऐन रेकॉर्डिंगला शेठ ओरडले की हे आमच्या सुनेचं नाव, घरातल्या बाईचं नाव गाण्यात चालायचं नाही, आत्ताच्या आत्ता बदल. मगन कीबोर्डवर बोटं ठेवून थांबलेला. चालीत बसणारं जे तोंडात आलं ते गायलो. शेठना त्यांच्या घरातली बाई आठवली, मला माझ्या घरातली आठवली नाही.

आता हळदीत लोक दुसरं काही गाऊच देत नाहीत. नाही म्हटलं तर सुपारी जाते आणि मगनचं घर त्यावरच चालतं. गाताना तू समोर दिसतेस, तरी गातो. स्वतःची लाज वाटते.

रागाव, पण टाकू नकोस.
तुझा चंदन

वरणगाव,
२६ मे २०२४

चि. चंदन यास,
आशीर्वाद. लग्नात तू तोंड चुकवून पंगती वाढत राहिलास, ते मी पाहिलं.

ताटातल्या तांदळांत नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा अंगठी हातात धरून ह्यांनी मला हळूच विचारलं होतं की दिपमालाच ठेवू का. लग्नानंतर नाव बदलणार नाही म्हणून मी आईशी किती भांडायचे! पण त्या वेळी मीच नको म्हटलं. ह्यांनी हेमलता लिहिलं. आई रडली. तिला वाटतं सासरच्यांनी बदललं. तिला यातलं काही सांगू नकोस.

इथे हेमलता म्हणून हाक आली की मला दुसऱ्या हाकेला कळतं. परवा शेजारच्या हळदीत तुझं गाणं लागलं, तेव्हा मात्र पहिल्याच शब्दाला मान वळली. मग न्हाणीघरात जाऊन रडले.

जन्मापासून तू मला अक्काच म्हणत आलास. नावाने हाक मारलीस ती एकदाच, आणि ती सगळ्या खानदेशाने ऐकली. आता फोन कर. अक्का म्हणू नकोस, नावाने हाक मार. चालीत नको, नुसती. ते नाव असं साधं कुणाच्या तोंडून ऐकून फार दिवस झाले.

वाट पाहते.
सौ. हेमलता