टॉमसआज्याच्या घरातली माणसं

४ मे, सोमवार
बँकेनं दिलेली डायरी कोरीच पडली होती. आजपासून रोज लिहायचं. चौथीपर्यंतचं शिक्षण वाया कशाला घालवा? आणि कारण पण तसंच हाय. माझ्या आजीचा बाप गोरा साहेब होता. टॉमस अ‍ॅशवर्थ, सोलापुरात मिलमधला विणकामाचा मास्तर. मी त्याला टॉमसआज्याच म्हणते. आजी पोटात होती तेव्हा गेला अमेरिकेला, पुन्हा पत्ता न्हाय. पुरावा म्हणाल तर माझे घारे डोळे. शेजारची अनिसा म्हणते, तिच्या बोकडाचे पण घारेच होते. जळते मेली.
सकाळी माझ्या पोराला, अभिमन्यूला फोन लावला. उचलला न्हाय. अमेरिकेत रात्र असणार.

७ मे
अनिसाची सून माहेनूर घरी बसून कॉम्प्युटरवर नोकरी करते. ती म्हणाली, केराआजी, अमेरिकेतली जुनी जनगणना आता कुणालाबी बघता येते, घरोघरची माणसं नावानिशी. बघितली. तीन टॉमस अ‍ॅशवर्थ निघाले. एक पाव भाजणारा, एक तुरुंगात, एक कापडमिलमध्ये. मी मिलवाला धरला. ती म्हणाली, असं ठरवता येत न्हाय. म्हटलं, रक्ताला कळतं की.
१९२० सालचं पान. वय चाळीस, जन्म इंग्लंड, बायको, चार पोरं. बायको केली मेल्यानं. पण माफ केलं. घर भरलेलं होतं, लई बरं वाटलं.

८ मे
सकाळी ठरवलं ते असं. दुपारची झोप बंद. इंग्रजी बाराखडी पाठ करायची. त्या चार पोरांची नातवंडं हुडकून त्यांना शेंगाचटणी पाठवायची. लसूण कमी, गोरी माणसं हायत. नेऊन द्यायला अभिमन्यू हायच तितं.
संध्याकाळी त्याला फोन केला. आता ऑफिसला निघाला असणार.

८ मे, दुपारचं लिहायचं राहिलं
झोपले होते. ऊन त्रेचाळीस. उद्यापासून.

१३ मे
१९३० चं पान. दोन पोरं कमी. लग्नं झाली असतील, दुसरं काय. चटणी कुटली. अनिसा चव बघायला आली आणि वाटीभर बघून गेली.
अभिमन्यूला चटणीचा फोटो पाठवायला लावला माहेनूरला. त्याचा अंगठा आला. इंजिनेर केला, तरी अंगठाच. पण आला की.

१८ मे
१९४० चं पान. टॉमस, वय साठ, बायको वारलेली. घरात माणसं एक.
म्हटलं, पोरं कुटं गेली बघ. माहेनूरनं हुडकलं. थोरला दोन गल्ल्या सोडून राहायचा, पण पान वेगळं. असली पोरं! कान पिळायला पाहिजे होते. आमचा अभिमन्यू तसला न्हाय. तो लांब हाय म्हणून येत न्हाय. दोन गल्ल्यांवर असता तर रोज आला असता.
आज जेवले न्हाय. ऊन बाधलं.

२१ मे
आपल्याकडची जनगणना आली. शाळेतल्या बाई, घामाघूम. सरबत दिलं. म्हटलं, आमच्या घराण्याला सवय हाय जनगणनेची, आज्याचं नाव अमेरिकेत हाय. बाईंनी विचारलं, घरात माणसं किती? चार म्हटलं आणि रेशन कार्ड पुढं केलं. हे, मी, अभिमन्यू, सूनबाई. चौघांची नावं हायत.
बाई भिंतीवरच्या ह्यांच्या हार घातलेल्या फोटोकडं बघत होत्या. ह्यांचं नाव कमी करायचं राहिलंय, असं मीच सांगितलं. मग त्यांनी मुलाचं विचारलं. म्हटलं, दिवाळीला येणार हाय. कुठल्या, ते त्यांनी विचारलं न्हाय.
"आजी," बाई म्हणाल्या, "इथं राहतं-जेवतं कोण, तेवढीच माणसं धरायची असतात."
म्हटलं, "मग नीट लिहा. शंभर वर्षांनी कुणीतरी हुडकत येईल."
बाईंनी मोबाइल पुढं केला. चष्मा लावून बघितलं. एक. नीट लिहिलं होतं. डोळ्यांच्या रंगाचं काय विचारलं न्हाय.
चटणीचा डबा अनिसाकडं दिला. दुपारी झोपले.