सायलीच्या वहीतल्या दहा ओळी

मंगळवार, संध्याकाळ

सातवीच्या वह्या तपासताना चरकलेच. सायलीने मी दिलेली शिक्षा लिहून आणली होती: ‘या वाक्यात लाइक हे क्रियापद आहे.’ दहा वेळा, वळणदार अक्षरात.

वाक्य तिचंच, ‘आय लुक लाइक माय फादर.’ वडील मुंबईला असतात, गणपतीपुरते घरी येतात. काल ती म्हणाली होती, “बाई, क्रियापद तर लुक आहे ना? लाइक नुसतं फादरला जोडलंय.” मी तोडलंच तिला. लाइक म्हणजे आवडणे, क्रियापदच, बस खाली. असं का केलं मी? रत्नागिरीची एसटी चुकेल म्हणून? की सगळ्या वर्गासमोर माघार घ्यायची लाज?

आत्ता व्याकरणाचं पुस्तक उघडून पाहिलं. बरोबर तीच होती.

मग तिच्या ओळींखाली लाल पेनने लिहायला बसले: ‘लाइक इथे शब्दयोगी अव्यय आहे. सायलीचं बरोबर, बाईंचं चूक.’ चुकलं की दहा वेळा, हा नियम माझाच. सहाव्या ओळीला हात अवघडला, अक्षर बिघडलं.

तिचं दहाव्या ओळीतही तसंच वळणदार आहे. आपलं उत्तर बरोबर आहे, हे माहीत असताना.